रोहिणी त्यांच्यातली नाही

बोईसर
९ नोव्हेंबर २०२४

चि. प्रतीक्षा,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी घाबरशील, बोईसरकडचं कुणी गेलं की काय म्हणून. कुणी गेलेलं नाही. फोनवर तू "हो आजोबा, हो आजोबा" म्हणत दुसरीकडे टाइप करत असतेस, ते मला ऐकू येतं. म्हणून लिहितो आहे. उत्तरही हातानेच लिही. छापलेला कागद आला तर न वाचता परत धाडीन.

तुझे आजोबा नामदेवराव, म्हणजे आमचे मेहुणे, दिवाळीत फोनवर सांगत होते की नात पुण्यात ताऱ्यांच्या गुच्छांचा अभ्यास करते, सहावं वर्ष चालू आहे. सहा वर्षांत माणूस नारळ लावून त्याचं पाणी पितो. आमच्या वेळी ताऱ्यांकडे बघायला कुणी पगार देत नसे. कराडच्या शाळेत आठवीला गुरुजींनी नक्षत्रं शिकवली ती कवितेतून. बाकावर छडीने ताल धरायचे आणि आम्ही सगळी पोरं एका सुरात म्हणायचो. त्यातला चंद्र आज खिडकीत येतो तेव्हा मी सत्तरीचा राहत नाही. तुमचा चंद्र कुठल्याशा तक्त्यात उगवतो म्हणे.

असो. भाविका तुला आठवत असेल. शिरगावच्या जानूची मुलगी, तीन वर्षांची असल्यापासून आमच्या घरात वाढलेली. आम्हाला मूल नव्हतं. तुझ्या नर्मदाआजीने तिला वाढवलं, आणि आजी गेल्यापासून "आबा, जेवलात का" हे विचारणारं या घरात तेवढं एकच माणूस आहे. सोळा फेब्रुवारीला तिचं लग्न आहे, गोरज मुहूर्तावर, इथल्याच हॉलमध्ये. मुलगा निमेश, माकुणसारचा, कारखान्यात नोकरीला. मुलगा बरा आहे. कविता एकही पाठ नाही.

सातारा-सांगलीहून इथे पोट भरायला आलेल्या लोकांच्या घरची निम्मी लग्नं माझ्या मंगलाष्टकांनी लागली आहेत. रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं बोटं निळी झाली, पण शार्दूलविक्रीडित वृत्तात माझा गण कधी चुकला नाही. भाविकासाठी लिहायला बसलो, तर पहिलीच ओळ अशी उतरली:

एका मेघकुळात जन्मुनि उभ्या, त्यांतील ही रोहिणी

केळव्याच्या किनाऱ्यावर जाऊन बघून आलो. बोईसरच्या आकाशात दिव्यांमुळे आता काही उरलेलं नाही. रोहिणी लालसर, आणि तिच्याभोवती लहान लहान तारका, अगदी घरातल्यासारख्या. ती भाविका, आणि भोवतीचे आम्ही. तारे मेघातून जन्मतात हे शास्त्र मलाही ठाऊक आहे. तू फक्त एवढं कर: रोहिणी आणि त्या तारका एकाच कुळातल्या आहेत, असं दोन ओळींत लिहून खाली तुझ्या संस्थेचं नाव घाल. तो कागद मला एका माणसाला दाखवायचा आहे. सहा वर्षांचा एवढा तरी उपयोग घराला होऊ दे.

नामदेवरावांना माझा नमस्कार सांगू नकोस.

भगवंत आजोबा

&nbsp;

पुणे
१७ नोव्हेंबर २०२४

ती. भगवंत आजोबांना,

सा. न. हाताने लिहिते आहे. अक्षराबद्दल बोलायचं नाही.

तुमची ओळ खोटी आहे.

वृत्तात ती बरोबर असेल, त्यातलं मला कळत नाही. मी नेमका त्याच गुच्छावर काम करते, म्हणून सांगते. रोहिणीभोवती इंग्रजी व्ही अक्षरासारखे जे तारे दिसतात, तो एक खुला तारकागुच्छ आहे. एका मेघातून एकाच सुमारास जन्मलेले शेकडो तारे, वय पासष्ट कोटी वर्षांच्या आसपास. इथवर तुमचं बरोबर. पण रोहिणी त्यांच्यातली नाही. गुच्छ आपल्यापासून दीडशे प्रकाशवर्षांवर आहे, आणि रोहिणी पासष्टांवर. ती मध्येच उभी आहे. आपण ज्या बाजूने बघतो त्या बाजूला ती पडली, एवढाच तिचा त्या घराशी संबंध.

हे ठरवतात कसं, तर अंतर मोजून आणि चाल बघून. भरतीला शिरगावच्या खाडीत परत येणाऱ्या होड्या आठवा. लांबून बघितलं तर सगळ्या एकाच तोंडाकडे सरकतात. मधूनच एखादी होडी केळव्याकडे निघालेली असते. क्षणभर ती त्यांच्यातच दिसते. मच्छीमार फसत नाही, मुंबईचा पाहुणा फसतो. तुम्ही आकाशाच्या बाबतीत मुंबईचे पाहुणे आहात.

रोहिणीची चाल वेगळी, वय कितीतरी जास्त, घडण वेगळी. दिसण्यावरून कुळ ठरत नाही, आजोबा. "घरातल्यासारखी" हे मोजमाप नाही. असल्या ओळीखाली माझ्या संस्थेचं नाव घातलं तर सहा वर्षांचं सातवं होण्याआधीच मला घरी बसवतील.

भाविकाताईला अभिनंदन सांगा. लग्नाला यायला जमणार नाही. त्या आठवड्यात मला डोंगरावरच्या दुर्बिणीवर रात्री मिळाल्या आहेत, आणि त्या वर्षातून एकदाच मिळतात.

प्रतीक्षा

&nbsp;

बोईसर
२५ नोव्हेंबर २०२४

प्रतीक्षा,

शाबास. अक्षर तुझं, आवाज नामदेवरावांचा.

"त्यांच्यातली नाही." असलेच दोन शब्द दिवाळीच्या पाडव्याला तुझ्या आजोबांनी मला ऐकवले. लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, हे तुझ्या प्रयोगशाळेत शिकवत नसतील म्हणून सांगतो. अंतरपाटासमोर मुलगी उभी असते, अक्षता पडत असतात, आणि मागे तिचा मामा असतो. तो तिला बोहल्यावर आणतो आणि तिथून हलत नाही. नर्मदेचा भाऊ तोच भाविकाचा मामा, यात मला तरी शंका नव्हती. मी मानाने बोलावलं. तुझे आजोबा म्हणाले, "भावजी, त्या कोळ्याच्या पोरीच्या मागं मी मामा म्हणून उभा ऱ्हायचा न्हाय. ती आपल्यातली न्हाय." मग त्यांनी तुला शिकवलं, आणि तू ते प्रकाशवर्षांत गुंडाळून पाठवलंस.

आता "घरातल्यासारखी" म्हणजे काय ते ऐक. मंजुळा, म्हणजे भाविकाची आई, आमच्या वसाहतीत सुके बोंबील विकायला यायची. पायरीवर टोपली उतरवून नर्मदेशी बोलत बसायची, आणि पोर घरात येऊन माझ्या पायांवर झोपायची. मंजुळा काविळीने गेली. जानू तेव्हा दुसऱ्याच्या बोटीवर, दर्यावर गेला की दिवसचे दिवस यायचा नाही. नर्मदा म्हणाली, एवढा हंगाम पोर राहू दे माझ्याकडे. तो हंगाम अजून संपलेला नाही. तुझी नर्मदाआजी माहेरी मासळीच्या वासाने पदर नाकाला लावणारी बाई. तिने बोंबलाचं कालवण शिकून घेतलं, कारण पोर दुसरं काही खाईना. त्याचा वास आमच्या पडद्यांना अजून येतो. हे मोजायला दुर्बीण आहे का तुमच्याकडे? नसेल तर गुच्छ कुठला नि वाटसरू कुठला हे मला शिकवू नकोस.

ती ओळ मी बदलणार नाही. आकाशाला पटत नसेल तर आकाशाने बदलावं.

भगवंत

&nbsp;

पुणे
८ डिसेंबर २०२४

ती. आजोबांना,

मला हे काहीच माहीत नव्हतं. आजोबा मला एवढंच म्हणाले होते, "बोईसरला एक लग्न हाय, बघू." तुमच्या पहिल्या पत्रात तुम्हीही सांगितलं नाहीत. शास्त्राचा दाखला मागितलात, म्हणून शास्त्र दिलं. साक्षीदार उलटला, यात साक्षीदाराची चूक नाही. तुम्ही त्याला आधी विचारायला हवं होतं.

पण एक चूक माझ्याकडूनही झाली, ती सांगते. गेल्या रविवारी कराडला गेले होते. आजोबांना राग येईल, लाज वाटेल, असं काहीतरी डोक्यात धरून तुमची ओळ मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "हे खरं हाय का?" मी सवयीने म्हणाले, नाही, रोहिणी त्या गुच्छातली नाही. त्यावर ते मांडी घालून असे सैल बसले, की मला माझ्याच तोंडाची शिसारी आली. "बघ," म्हणाले, "तुझं शास्त्र बी तेच सांगतंय."

मग मी उरलेलं शास्त्रही सांगितलं. म्हटलं, आजोबा, त्या गुच्छात जन्मलेल्या ताऱ्यांपैकी कितीतरी आता गुच्छात नाहीत. आकाशगंगेच्या ओढीने एकेक सुटला. पुढे आणि मागे लांब शेपट्या झाल्या आहेत त्यांच्या, शेकडो प्रकाशवर्षं पसरलेल्या. वय तेच, घडण तीच, जन्म पक्का. फक्त घरात कुणी नाही. पुष्य नक्षत्रात एक धुरकट ठिपका दिसतो, तोही असाच गुच्छ. तो आणि हा एकाच मेघातून जन्मले असावेत असा आमचा संशय आहे, माझं काम नेमकं तेच तपासण्याचं. सख्खे असतील, पण आज एकमेकांना काडीचा उजेड देत नाहीत. आजोबा, तुमची बहीण दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही त्या शेपटीत होतात.

कराडची आजी म्हणाली, जेवताना असलं बोलू नये. आजोबांनी भात तसाच ठेवला. पण येतो म्हणाले नाहीत.

प्रतीक्षा

&nbsp;

बोईसर
२० डिसेंबर २०२४

चि. प्रतीक्षा,

शेपटीचं वाक्य तीनदा वाचलं. सहा वर्षं अगदीच वाया गेलेली नाहीत.

तरी नामदेवराव यायचे नाहीत. ज्या माणसाला गाढवाच्या पाठीवर बसवलं तरी फेटा सरळ आहे की नाही एवढंच बघायचं असतं, तो शेपटीने हलत नाही. मीही आता बोलावणार नाही. मामाशिवाय लग्न लागतं. पण भाविकाच्या पाठीमागे जागा रिकामी राहील, हॉलभर माणसं त्या रिकाम्या जागेकडे बघतील, आणि माकुणसारच्या बायका घरी जाऊन पहिली गोष्ट तीच सांगतील. काल ती म्हणाली, "आबा, राहू दे ना मामा. मी पाठ भिंतीला लावून उभी राहीन." हसत म्हणाली. मी उठून गच्चीवर गेलो. तिथे तुझी रोहिणी दिसली नाही, कारखान्याचा दिवा दिसला.

मंगलाष्टक फाडून टाकलं. निमेशला तसंही काही कळलं नसतं.

भगवंत आजोबा

&nbsp;

पुणे
२९ डिसेंबर २०२४

ती. आजोबांना,

तुमची चिठ्ठी वाचून दोन दिवस चिडले, आणि मग लक्षात आलं की आपण तिघेही, तुम्ही, मी आणि कराडचे आजोबा, एकाच खिडकीतून बघत बसलो आहोत.

आमच्या कामात एखादा तारा गुच्छातला नाही असं ठरलं, की लोक त्याला यादीतून काढतात आणि विसरतात. मीही तेच करते. पण तिथे काम अर्धंच झालेलं असतं. या घरातला नाही, तर कुठल्या घरातला, हे विचारायचं राहतं. रोहिणीच्या बाबतीत त्याला उत्तर नाही. ती फार जुनी आहे, तिची भावंडं कधीच पांगली, जन्मघराचा माग पुसला गेला.

भाविकाताईच्या बाबतीत उत्तर नाही असं नाही. कुणी विचारलेलंच नाही. म्हणून मी विचारते. मंजुळाला भाऊ होता का?

असेल तर तो मामा. मानलेला नव्हे, जन्माचा. कराडचे आजोबा "आपल्यातली नाही" म्हणाले, तेव्हा तुम्ही चिडलात. पण मामा शोधताना तुमच्या डोळ्यांपुढे फक्त "आपल्यातली" माणसं आली. तिच्यातली कुणी आलीच नाहीत. कराडला तुम्ही फोनवर फोन केलेत. शिरगाव तुमच्या घरापासून किती लांब आहे?

प्रतीक्षा

&nbsp;

बोईसर
१९ जानेवारी २०२५

प्रतीक्षा,

तुझं पत्र आल्यावर पंधरा दिवस मी ते उघडलंच नाही असं स्वतःला सांगत होतो. वाचून झालं होतं.

मंजुळाला भाऊ आहे. जिवल्या. मला माहीत होता. वर्षातून एकदा पावसाळ्याआधी सुक्या बोंबलांची पिशवी आमच्या पायरीवर ठेवून जातो, पाणीसुद्धा न पिता. इतकी वर्षं मी त्याला जानूचा कुणी गडी समजून "ठेव तिकडे" म्हणत आलो. जानूला विचारलं, तू कधी बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तुमी कराडचा मामा आणणार बोललाव. मंग मी काय बोलू?" जानू हा असा. शब्दाला मोताद.

गेलो शिरगावला. किल्ल्याच्या पलीकडे वाळत घातलेल्या मासळीच्या वासात जिवल्या जाळं शिवत बसला होता. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. मला बघून उठला नाही.

म्हटलं, "जिवल्या, भाविकाचं लग्न आहे."

"ठावं हाय."

"तिच्या पाठीशी मामा म्हणून तू उभा राहा."

त्याने सुई थांबवली नाही. "कराडचा मामा मेला काय?"

"नाही."

"मंग आला नाय. म्हणून माझी याद आली."

यावर शार्दूलविक्रीडितात काही बसत नाही. मग तोच म्हणाला, "शेट, माझे बहिणीची पोर. मी दर साल बोंबील घेऊन येतो ते काय तुमचे पायरीला? आतून तिचा आवाज येतो का बघाया येतो. आवाज आला का जातो. मला कोणी बोलावला असता तर मी चालत आलो असतो. कोणी बोलावलाच नाय."

"आता बोलावतोय."

"आता येतो. पण फेटा नाय बांधणार. आमी जसे हाव तसे उबे राहू. आन् आमची धवलारीण येल, मैनाबाई. तिचे धवले झाल्याबिगर आमचेत लगीन लागत नाय."

धवलारीण म्हणजे लग्नातली विधीची गाणी म्हणणारी बाई. मैनाबाई तिथेच टोपली विणत बसली होती. मी सहज विचारलं, तुमच्या गाण्यांचं वृत्त कोणतं? ती म्हणाली, "आबा, माझे दमाचा." आणि हसली, दात एक. मुहूर्ताच्या आधी ती कितीतरी वेळ गाणार, सूर कुठेच थांबणार नाही, आणि माझं मंगलाष्टक तिच्या पाठीमागून भिकाऱ्यासारखं दाराशी उभं राहणार. हे मी कबूल करून आलो आहे. तुझ्यामुळे.

भाविकाला सांगितलं. ती आत गेली. मग मला स्वयंपाकघरातून बोंबलाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ बंद केल्याचा आला नाही.

नवी ओळ सुचत नाही. रोहिणीवाचून मला सुचत नाही, आणि रोहिणी तू घालवलीस.

भगवंत आजोबा

&nbsp;

पुणे
२ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांना,

माझ्या रात्रींआधी दुर्बिणीची तयारी करायला उद्याच डोंगरावर निघते आहे, म्हणून घाईत.

जिवल्यामामांची गोष्ट मी कराडला फोनवर सांगितली, मुद्दामच. आजोबा म्हणाले, "माझ्या भनीनं वाढवलेली पोर. तिच्या मागं दुसराच कोण उभा ऱ्हाणार, आन् मी कराडात बसू?" आजी सांगत होती, कपाटातून फेटा काढून उन्हात टाकलाय. त्यांना माया आली असं समजू नका. आपली जागा दुसरा घेतोय म्हणून उठलेत. पंगतीत पाट ओढला की त्यांना भूक लागते. आले तर जिवल्यामामांच्या मागे उभं करा, पुढे नको.

आता तुमची ओळ. रोहिणी मी घालवली नाही. तुम्ही तिला जिथे बसवत होतात तिथे ती नव्हती, एवढंच. कवितेला खरं चालत असेल तर एक खरं वाक्य देते: ती त्यांच्यातली नाही, ती आपल्या जवळची आहे. गुच्छाच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर. त्यांच्या मध्ये दिसते आणि त्यांच्याहून कितीतरी उजळ दिसते, त्याचं एक मोठं कारण हेच.

आणखी एक आहे, तेही खरं आहे, म्हणून लपवत नाही. ती आपल्यापासून दूर चालली आहे. सेकंदाला पन्नासेक किलोमीटर. हे मंगलाष्टकात घालायचं की नाही, ते तुम्ही बघा.

सोळाला सातच्या सुमाराला रोहिणी बरोबर डोक्यावर असेल, माझ्याही आणि तुमच्याही.

प्रतीक्षा

&nbsp;

बोईसर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. प्रतीक्षा,

लग्न लागलं. तुला यायला जमलं नाही हे तुझ्या ताऱ्यांना सांगून झालं असेल. ते ऐकून गहिवरले असतील.

मैनाबाईने दुपारी सुरुवात केली. हळद, पाणी, तांदूळ, मांडवाचा खांब, भाविकाची मेलेली आई, प्रत्येकाला तिच्याकडे गाणं. सूर शेवटपर्यंत एकच. माझ्या ओळखीचे सातारकर खुर्च्यांवर चुळबुळत होते, एकजण मला म्हणाला, "हे संपणार कधी?" मी म्हटलं, "तिच्या दमाने." मंजुळाचं नाव गाण्यात आलं तेव्हा भाविका रडली. इतक्या वर्षांत या घरात त्या नावाचं गाणं कुणी केलं नव्हतं, आणि मी तर बोईसरभर गाणी करत फिरत होतो.

मुहूर्त जवळ आला. जिवल्याने तिला हाताला धरून बोहल्यावर आणलं. पांढरा सदरा, धुतलेला, चुरगळलेला. फेटा नाही. तो तिच्या मागे असा उभा राहिला की जणू होडी धरून उभा आहे. माकुणसारच्या बायकांनी बघितलं. बघू दे.

तेवढ्यात दारात तुझे आजोबा. फेटा गुलाबी, एवढा मोठा की दारातून आधी तो आला आणि मागून नामदेवराव. हॉलच्या मधोमध येऊन थांबले. पुढे यावं तर जागा भरलेली, मागे जावं तर फेटा सगळ्यांनी पाहिलेला. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. अशा वेळी माणसाला हात द्यायला मी संत नाही.

जिवल्याने मान वळवली, अर्धं पाऊल बाजूला सरला आणि म्हणाला, "या मामा, उबे रावा. जागा हाय."

नामदेवराव गेले आणि उभे राहिले. त्याच्या पुढे नाही, मागेही नाही, शेजारी. तुझी सूचना पाळता आली नाही.

भटजी घड्याळ दाखवत होते. मी पुन्हा आठच्या आठ कडवी लिहिली होती. मैनाबाईने माझा सगळा वेळ खाल्ला होता. भटजी म्हणाले, "आबा, एक म्हणा, एकच." माझी आयुष्यभराची विद्या, आणि एक म्हणा. दोनच ओळी म्हटल्या:

ती त्यांची नच, आपुल्या निकटची, ही रोहिणी तेजसी
पाठीशी तुझिया समुद्रहि उभा, आम्हीहि मागे उभे

दुसरी ओळ म्हणताना आवाज गेला. पाठीमागून कुणीतरी सूर धरला. मैनाबाई. तिला शब्द ठाऊक नव्हते, वृत्त ठाऊक नव्हतं, नुसता आ लावून तिने मला पुढे ढकललं. शार्दूलविक्रीडिताची अशी फजिती मी जन्मात ऐकली नव्हती. अक्षता पडल्या.

जेवताना नामदेवराव आणि जिवल्या शेजारी बसले. तुझे आजोबा बोटीची किंमत विचारत होते, तो सांगत नव्हता. जमेल त्यांचं.

पाठवणीला गाडी हॉलबाहेर लागली. भाविका आधी जानूच्या गळ्यात पडली, मग माझ्या. मग जिवल्याच्या पाया पडायला वाकली, त्याला ते काय ते कळेना, त्याने तिला खांद्याला धरून उभी केली. गाडी सुटली. रस्त्यावर दिवे होते, तरी मी वर बघितलं. एकच लाल ठिपका दिसत होता, डोक्यावरून पश्चिमेला कललेला. भोवतीच्या तारका दिव्यांत बुडाल्या होत्या. तू लिहिलेलं दुसरं खरं तेव्हा आठवलं, जे मी कडव्यात घातलं नव्हतं. सेकंदाला पन्नासेक किलोमीटर.

माझं तोंड बघून जिवल्याने विचारलं, "काय झालं, आबा?"

मी म्हटलं, "लांब चालली."

तो म्हणाला, "माकुणसार काय दर्यापार हाय? रविवारी मी बोंबील घेऊन जाणार हाय तिचेकडे. तुमी चला." आणि वर म्हणाला, "आन् या खेपेला पाणी पिऊ."

तुझे आकडे मी त्याला सांगितले नाहीत. लांब जाण्यातलं तुम्हा लोकांना तरी काय कळतं.

भगवंत आजोबा